लोंकरींतील केराटिन व शरीरदुरुस्तीकडे त्याचा उपयोग

धनगरी घोंगडी पावसांत भिजली, उन्हांत वाळली, तरी वर्षानुवर्षें टिकते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. ह्या टिकाऊपणाचें कारण लोंकरीच्या घटनेंत आहे. मळ व तेलकटपणा काढून टाकलेली लोंकर म्हणजे जवळजवळ सर्वस्वी केराटिन नांवाचें प्रथिन होय. ह्या प्रथिनाच्या लांब सांखळ्या गंधकाच्या दुव्यांनीं एकमेकींस जखडलेल्या असतात. म्हणून लोंकर पाण्यांत विरघळत नाहीं. हा गंधक मेंढीस चाऱ्यांतूनच मिळतो, आणि चारा निकस झाला कीं लोंकरीची वाढ खुंटते.

शरीराची झीज भरून काढण्यासाठीं पेशी वाढविणाऱ्या शास्त्रज्ञांस असा पदार्थ हवा असतो कीं, ज्यावर पेशींनीं ठाव धरावा व काम झाल्यावर जो हळूहळू जिरून जावा. केराटिनांत पेशींस पकड देणारे भाग आहेत; पण तें तंतूंतून मोकळें कसें करावें, हाच मुख्य प्रश्न. १९३४ सालीं अमेरिकेंत गॉडार्ड व मायकेलिस ह्यांनीं थायोग्लायकोलिक अम्लाच्या क्षारयुक्त द्रावणानें हे दुवे तोडून लोंकर विरघळतें हें दाखविलें.

दुवे तोडण्याच्या रीतीप्रमाणें पदार्थाचे गुण पालटतात. वरील रीतीनें तोडलेले दुवे हवेंतील प्राणवायूनें पुन्हां जुळतात; असें केराटिन अधिक दिवस टिकतें. परॲसिटिक अम्लानें तोडलेले दुवे पुन्हां जुळत नाहींत. तो पदार्थ पाणी ओढून घेतो व लवकर जिरतो. तिसऱ्या रीतींत मोकळ्या गंधकास आयोडोॲसिटिक अम्लाची जोड देतात. त्यायोगें केराटिन कॅल्शियम, म्हणजे हाडांतील व चुन्यांतील मूलद्रव्य, धरून ठेवितें. हाडाच्या पेशी वाढवितांना हा गुण कामीं येतो.

केराटिनाचें द्रावण गोठवून त्यांतील बर्फ निर्वातांत उडवून लाविला म्हणजे बर्फाच्या जागीं छिद्रें राहून स्पंज तयार होतो. २००२ सालीं जपानी संशोधकांनीं अशा स्पंजांत उंदराच्या पेशी पुष्कळ दिवस वाढविल्या. न्यूझीलंडांतील लोंकरीच्या केराटिनापासून केलेलीं जखमेवरील आच्छादनें तर वापरांतही आलीं आहेत.

मग आमच्या जाड्याभरड्या दख्खनी लोंकरीस ह्यापासून लाभ काय? लोंकर विरघळविल्यावर तंतूच्या बारीकपणास महत्त्व उरत नाहीं, ही गोष्ट आशादायक खरी. परंतु औषधी कामास लोंकर थोडी लागते व शुद्धतेची कसोटी कडक असते. म्हणून एवढ्यावरून कोणीं कळप वाढवूं नये. कातरणीपूर्वीं मेंढ्या धुणें, स्वच्छ व मळकट लोंकर निराळी ठेवणें आणि कीटकनाशकाच्या आंघोळीनंतर लागलीच कातरणी न करणें, इतकें मात्र आजच करण्यासारखें आहे. त्यापासून घोंगडी विणणाऱ्यासही चांगला माल मिळेल.