विंडोज 10 चे अपडेट थांबले. घरचा संगणक किती सुरक्षित?

उदगीरमधल्या घरात जुना संगणक सुरळीत चालत असेल, तरी त्यात विंडोज 10 आहे का ते पाहा. 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने त्याचे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले आहेत. नोंदणी करणाऱ्यांना तेवढी वर्षभराची मुदतवाढ मिळाली.

अपडेट न घेण्याची किंमत मोठी असते. जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसने मर्स्क कंपनीचे संगणक बंद पाडले आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो विंडोजमधल्या ज्या त्रुटींतून पसरला, त्यांची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती!

मग मॅक, लिनक्स सुरक्षित का? तिथे व्हायरस कमी, कारण बहुतेक घरांत विंडोज असल्याने हल्लेखोरांचा डोळाही तिच्यावरच. पण 2012 मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे 6 लाख मॅकमध्ये शिरकाव केलाच.

जुन्या संगणकावर विंडोज 11 चालत नसेल, तर लिनक्स मिंट मोफत आहे. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही. सर्वांत धोकादायक म्हणजे कुणीतरी फुकटात टाकून दिलेली ‘क्रॅक’ विंडोज. अनेकदा व्हायरस त्या क्रॅकमधूनच येतो.