रुईवरील बिबळ्या कडवा

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठच्या पुळणीवर, रस्त्याच्या कडेस व पडीक जागी रुई आपोआप वाढते. शनिवारी मारुतीस तिच्या पानांची माळ वाहतात. त्यामुळे हे झाड मुलांच्या परिचयाचे असते. ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराचे बालपण याच झाडावर जाते.

आफ्रिकेपासून आशियाच्या मोठ्या भागापर्यंत हे फुलपाखरू आढळते. इजिप्तमधील नेबामूनच्या थडग्यातील सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रातही ते रंगविलेले आहे. त्याचे पंख तांबूस नारिंगी असून पुढील पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात.

मादी पानावर एकेक अंडे घालते. अळीच्या अंगावर पांढरे, काळे व पिवळे पट्टे असून काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. पान खाण्यापूर्वी ती त्याची शीर कुरतडते, म्हणजे चीक वाहून जातो. उष्ण हवेत अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे तीन ते चार आठवडे लागतात.

रुईतील कडू, विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात व पुढे फुलपाखरातही उतरतात. त्यांचे प्रमाण सर्वांत सारखे नसते. तथापि एकदा कडू अनुभव आलेला पक्षी हा रंग ओळखून पुन्हा वाटेस जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू निर्धास्तपणे संथ उडते.

या भीतीचा लाभ दुसरेच फुलपाखरू घेते. ‘छोटा चांदवा’ याची अळी घोळीसारख्या वनस्पतींवर वाढते. परंतु त्याची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. नकल करणारे थोडे व खरे कडू पुष्कळ असतील, तोवरच हे सोंग टिकते. कारण नकलीच अधिक भेटू लागल्यास पक्ष्यांची भीती मोडेल.

शाळेचे आवार स्वच्छ करताना रुई पुष्कळदा समूळ तोडली जाते व अळी कीड समजून चिरडली जाते. वस्तुतः ही अळी मुख्यतः रुईच्या कुळातील वनस्पतींवर जगते. भात, नाचणी वा आंबा यांस तिचा उपद्रव नाही. आवाराच्या कडेचे एखादे झाड शिक्षकांनी राखावे. मुलांनी रोज अळीचे निरीक्षण करून वहीत तारीखवार नोंद व चित्र करावे. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. म्हणून पाने मुलांना तोडू देऊ नयेत. फुलपाखरे मारून टाचण्यापेक्षा जिवंत झाडावरील हा पाठ मुलांच्या अधिक ध्यानी राहील.