विश्लेषण : अमळनेरच्या अंगणात डायन्थस, डेझी फुलतील का?

बियांचे पाकीट स्वस्त असते, पण पेरणीची वेळ चुकली की सगळा हंगाम हातचा जातो. खान्देशात थंडी जेमतेम तीन महिने टिकते. डायन्थस आणि डेझी ही दोन्ही फुलझाडे थंडीची. त्यामुळे अमळनेरमध्ये ती फुलवायची तर कॅलेंडर सांभाळावे लागते.

ही फुले नेमकी कोणती?
डायन्थस हे कार्नेशनचे भावंड. बागेत बहुधा लावला जातो तो मूळचा चीन, कोरियाकडील ‘डायन्थस चायनेन्सिस’. पाकळ्यांची दातेरी कड ही त्याची ओळख. ग्रीक भाषेत नावाचा अर्थ ‘देवाचे फूल’. इंग्रजीत याला ‘पिंक’ म्हणतात आणि गुलाबी रंगाचे इंग्रजी नाव या फुलावरूनच आले. डेझी सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या कुळातली. तिचे एक फूल म्हणजे असंख्य छोट्या फुलांचा गुच्छ असतो.

पेरणी केव्हा करावी?
दसरा ते दिवाळी हा सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरल्यास नोव्हेंबरअखेर रोपे लावता येतात आणि जानेवारीत फुले दिसू लागतात. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. डिसेंबरमध्ये पेरल्यास कळ्या येईपर्यंत फेब्रुवारी सरतो आणि उन्हाचा चटका बसतो. ज्या थंडीने केळी उत्पादक धास्तावतात, तीच थंडी या फुलांना मानवते.

काळ्या मातीचे काय?
तापी खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. बारीक बियांना दोन्ही घातक. म्हणून ट्रेमध्ये चाळलेली माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि वाळू समप्रमाणात घ्यावी. या मातीतील चुनखडी मात्र डायन्थसला चालते. त्याला आम्लयुक्त जमीन आवडत नाही.

बी कसे पेरावे?
डायन्थसच्या बियांवर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. इंग्लिश डेझीचे बी त्याहून बारीक असते आणि त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून ते फक्त हलके दाबावे. झारीच्या जोरदार धारेऐवजी फवाऱ्याने पाणी द्यावे. २० अंशांच्या आसपास तापमान असेल तर साधारण ७ ते १० दिवसांत डायन्थसचे अंकुर दिसतात. चार-पाच पाने आली की रोपे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. शेंडा खुडल्यास फुटवे वाढतात. सुकलेली फुले काढत राहिल्यास बहर लांबतो.

जोखीम कुठे आहे?
इंग्लिश डेझी सर्वांत नाजूक. ती कुंडीतच लावावी. कुंडीला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली पाहिजे. खात्रीचा पर्याय हवा असेल तर डेझीसारखाच दिसणारा ऍस्टर घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ मालिकेत त्याचे पांढरे, गुलाबी, जांभळे वाण दिले आहेत. मात्र ऍस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. पाकिटावरील तारीख पाहूनच बी घ्यावे.

पुढच्या वर्षासाठी बी धरता येईल?
साध्या वाणाचे धरता येते. पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिले असेल, तर पुढील पिढीत रंग आणि उंची सारखी राहत नाही. जुने बी असेल तर आधी दहा बिया ओल्या कागदावर ठेवून झाकणबंद डब्यात तपासाव्यात. दहा दिवसांत सहाहून कमी उगवल्या, तर नवे पाकीट घेणेच परवडते. ट्रे भरून पंधरवडा वाट पाहिली आणि उगवलेच नाही, तर दुसऱ्या पेरणीपुरती थंडी खान्देशात उरत नाही.