चूक कार्यालयाची, वसुली दिव्यांगाची

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर वा लोणार तालुक्यातल्या एखाद्या दिव्यांगाला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळाले, की ते त्याच महिन्यात किराण्यात आणि औषधांत संपते. अशा माणसाला काही वर्षांनी ‘आपण अपात्र होता, रक्कम परत भरा’ अशी नोटीस यावी, यात हिशेब असेल. न्याय आहे काय? अर्जाची छाननी आणि उत्पन्नाच्या दाखल्याची पडताळणी, ही कामे तर शासनाचीच!

माहिती दडवून पैसे घेतले असतील तर वसुली व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु दाखला कार्यालयानेच चुकीचा वाचला असेल तर? रफिक मसीह खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना चुकून अधिक दिलेल्या वेतनाची वसुली अनुज्ञेय नाही, असे ठरविले. तो निर्णय वेतनाचा, अनुदानाचा नव्हे, हे खरे. पण पगारदार कारकुनाला जे संरक्षण, ते निराधाराला नाकारण्यास आधार कोणता?

नोटीस आलेल्याने म्हणूनच तहसीलदारांना प्रथम लेखी विचारावे : रक्कम कोणत्या महिन्यांची, कोणत्या नियमाने, कोणत्या कागदावरून? आपले म्हणणे ऐकल्याखेरीज आदेश काढू नये, हेही त्याच अर्जात लिहावे आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून कार्यालयाची पायरी उतरू नये.