रॉक अँड रोलमधली मोटार आणि 'ईना मीना डीका'

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा जसा मोटारीवर जगतो, तसेच आरंभीचे रॉक अँड रोलही बऱ्याच अंशी मोटारीवर जगत होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या या नाचाच्या संगीताचे मूळ कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनात असून त्याचा सांगाडा बहुधा बारा मापांचा असतो. प्रत्येक मापात चार मात्रा धरल्या तर हे 48 मात्रांचे आवर्तन होते आणि त्यात तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरावीक क्रमाने फिरत राहतात. आपल्या तालात वजन समेवर येते. येथे मात्र ड्रमचा जोरकस ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, त्याला बॅकबीट म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचा पाय हलतो तो मुख्यतः या उलट्या वजनामुळे.

पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते, हा वाद निष्फळ असला तरी त्यात हमखास पुढे येणारे नाव आहे 'रॉकेट 88'. मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 1951 साली ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे ओल्ड्समोबिल कंपनीच्या त्याच नावाच्या मोटारीचे गुणगान करते. तबकडीवर नाव गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे असले तरी वाद्यवृंद आइक टर्नर यांचा होता. वाटेत बिघडलेल्या अँप्लिफायरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली गेली, गिटारचा आवाज फाटका निघाला आणि फिलिप्स यांनी तो तसाच राहू दिला, असे सांगतात. बंद पडलेले यंत्र हाताशी असेल त्या वस्तूने चालू करणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला ही वृत्ती वेगळी समजावून सांगायला नको. गायक-गिटारवादक चक बेरी यांनी तर सेंट लुइसमध्ये मोटार कारखान्यात प्रत्यक्ष काम केले होते. त्यांच्या 'मेबेलिन' (1955) या गाण्यात साध्या फोर्डमधला प्रियकर महागड्या कॅडिलॅकमधून निघालेल्या प्रेयसीचा पाठलाग करतो. मोटारीचा दिमाख मिरवणाऱ्या गाण्यांहून ते सरस ठरते, कारण त्यात वेगाबरोबर ऐपतीचाही प्रश्न धावत असतो.

हे वारे मराठी माणसाच्या हातून हिंदी चित्रपटात आले. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी 'शहनाई' (1947) आणि 'अलबेला' (1951) या चित्रपटांतच पाश्चात्त्य नाचाचे ठेके रुळवले होते, आणि त्यांना साथ होती चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांची, जे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत. त्यामुळे त्यांचे 'आशा' (1957) मधले 'ईना मीना डीका' ही केवळ परदेशी तबकड्यांची नक्कल मानणे अन्यायाचे होईल. स्विंग या ज्या जुन्या नाचसंगीतातून रॉक अँड रोलही पुढे निघाले, त्याची मशागत येथे आधीच झालेली होती. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गायलेल्या या गाण्याची निरर्थक अक्षरे अमेरिकन गायक लिटल रिचर्ड यांच्या 'टुटी फ्रुटी' (1955) या गाण्याची आठवण देतात, पण तराणा आणि तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या श्रोत्याला अर्थावाचून गाणे नवलाचे नव्हते.

मोटार मात्र या गाण्यात नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून मोटारी बाहेर पडत असल्या तरी कामगाराला त्या परवडणाऱ्या नव्हत्या, आणि पुढे आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीदेखील नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तेव्हा ठेका आला आणि गाडी मागे राहिली. पुढच्याच वर्षी 'चलती का नाम गाडी' मध्ये किशोरकुमार गाडीसह पडद्यावर आले खरे, पण ते दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजातले मेकॅनिक म्हणून.