बशीतली पेशी नेमकी कोणाची? आतड्याचा एक दुर्मिळ कर्करोग आणि त्याच्या सेल लाइन्स

मार्च २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्या आजाराचं नाव जाहीर केलं आणि ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे शब्द आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. नावात ‘न्यूरो’ असल्यामुळे बऱ्याच जणांना तो मेंदूचा आजार वाटला. प्रत्यक्षात या गाठी सर्वाधिक आढळतात त्या पचनसंस्थेत: लहान आतडं, जठर, अपेंडिक्स, गुदाशय, स्वादुपिंड. स्टीव्ह जॉब्ज यांना झालेला आजार याच कुळातला, स्वादुपिंडातला.

आपल्या आतड्याच्या अस्तरात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात, तांदळात अधूनमधून खडा सापडावा तशा. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नाही तर इथे तयार होतं. या पेशींची गाठ झाली की तिला आपण थोडक्यात ‘नेट’ म्हणू. म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये या गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटलं, म्हणजे कर्करोगासारखं दिसणारं पण कर्करोग नसलेलं. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच मत बदललं आणि या गाठी पसरतात हे मान्य केलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता आजच्या मुद्द्याकडे येतो. औषध शोधायचं तर ते आधी कशावर तरी करून बघावं लागतं, आणि ते पहिलं ‘कशावर तरी’ म्हणजे बहुधा सेल लाइन. रुग्णाच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, पेशी सुट्या करायच्या, प्लास्टिकच्या बशीत पोषकद्रव घालून ३७ अंशांवर ठेवायच्या. बशी भरली की थोड्या पेशी उचलून नव्या बशीत. आपण विरजण लावतो ना, तसंच. कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधात. काही पेशी अशा कायम वाढत राहतात. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून सुरू झालेल्या ‘हेला’ पेशी आजही जगभर वाढताहेत. आपल्याकडे पुण्यात, गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा सेल लाइन्सचं भांडार आहे आणि देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून पेशी मागवतात.

विरजणाची उपमा मी मुद्दाम दिली, कारण खोट तिथेच आहे. विरजणात दुसराच जंतू शिरला आणि तो जास्त वेगाने वाढला, तर चार दिवसांनी भांड्यात जे उरतं ते दिसायला दह्यासारखं असेल, पण ते तुमचं दही नसतं.

नेटची अडचण अशी की ही गाठ बहुतेक वेळा सावकाश वाढते. डॉक्टर तिची प्रत ठरवतात ती ‘केआय-६७’ या खुणेवरून, म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. तीन टक्क्यांपेक्षा कमी असतील तर पहिली प्रत, तीन ते वीस दुसरी, त्यापुढे तिसरी. पहिल्या प्रतीत शंभरातल्या सत्त्याण्णवहून जास्त पेशी स्वस्थ बसलेल्या. रुग्णाच्या दृष्टीने ही बातमी बरी, कारण पुष्कळ जण या आजारासह वर्षानुवर्षं जगतात. पण प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही डोकेदुखी, कारण बशीत ठेवलेल्या या पेशी वाढत नाहीत, हळूहळू मरून जातात. आणि ज्या वाढतात त्यांच्याबद्दल प्रश्न पडतो: तुम्ही एवढ्या सहज कशा वाढलात?

त्यामुळे पचनसंस्थेच्या नेटसाठी जगभरात वापरात राहिल्या त्या मूठभर लाइन्स. जपानमधली क्यूजीपी-१ आणि अमेरिकेत टेक्ससमधली बॉन-१, या दोन्ही स्वादुपिंडाच्या. स्वीडनच्या गोथेनबर्गमधली गॉट-१, लहान आतड्याच्या गाठीची. ती यकृतात पसरलेल्या गाठीतून घेतलेली आणि वाढायला कमालीची संथ. आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या चार: केआरजे-आय, पी-एसटीएस, एल-एसटीएस आणि एच-एसटीएस. या एसटीएस मालिकेचं आकर्षण मोठं होतं. पी म्हणजे आतड्यातली मूळ गाठ, एल लसिकाग्रंथीतली, एच यकृतातली. कर्करोग पसरताना पायरीपायरीने काय बदलतं, ते शेजारी-शेजारी ठेवून बघता येईल, असं वाटायचं.

२०१८ मध्ये गोथेनबर्गच्या गटाने या सातही लाइन्स एकत्र तपासायला घेतल्या. न्यूरोएंडोक्राइन पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं आहेत का, गुणसूत्रांत काय तुटलंय, जनुकांत काय बदललंय, असं सगळं. चार लाइन्स खऱ्या निघाल्या. केआरजे-आय, एल-एसटीएस आणि एच-एसटीएस या तीन मात्र नेटच नव्हत्या. त्या होत्या लिम्फोब्लास्टॉइड, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपैकी बी-लिम्फोसाइट, एपस्टाइन-बार विषाणूने अमर केलेल्या.

हे झालं कसं? गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी नसतात. त्यात रक्तवाहिन्या असतात, तंतू असतात, लिम्फोसाइट असतात. लसिकाग्रंथीतून काढलेल्या तुकड्यात तर त्यांचा सुकाळच. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात गपचूप राहतो. शरीरात प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, पण बशीत पहारेकरी नसतो. विषाणू असलेली एखादी लिम्फोसाइट विभागायला लागते, संथ कर्कपेशी मागे पडतात, मरतात, आणि काही महिन्यांनी बशी भरलेली दिसते. संशोधक खूश होतो: लाइन तयार झाली!

तुम्ही म्हणाल, पेशींची डीएनए ओळख तपासत नाहीत का? तपासतात. हेलाने इतर लाइन्समध्ये घुसखोरी केल्याचं १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवल्यापासून हा प्रश्न माहीत आहे, आणि आता ‘एसटीआर’ नावाची चाचणी सर्रास होते. पण ती सांगते पेशी कोणत्या माणसाची आहे. त्या माणसाच्या कोणत्या अवयवाची, हे ती सांगत नाही. रुग्णाची लिम्फोसाइट आणि त्याच रुग्णाची कर्कपेशी, दोघींचा ठसा जवळपास एकच. आधार कार्ड खरं, फोटोही खरा, पण माणूस भलत्याच खात्यात कामाला लागलेला. मला विचाराल तर साध्या भेसळीपेक्षा हा प्रकार जास्त घातक, कारण नेहमीच्या पहाऱ्यातून तो सुटतो.

याची किंमत काय? त्याच २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाचा एक मोठा अभ्यास ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आला होता. दोनशेहून जास्त रुग्णांच्या गाठींचं विश्लेषण करून त्यांनी औषधं सुचवली, त्यात एन्टिनोस्टॅट पुढे आलं, आणि त्यासाठी वापरलेली सेल लाइन होती एच-एसटीएस. पुढच्या वर्षी गोथेनबर्गच्या गटाने त्याच नियतकालिकात पत्र लिहून सांगितलं की ही लाइन खरी नाही. आता गंमत बघा. एन्टिनोस्टॅट ज्या गटातलं औषध आहे, त्या ‘एचडॅक’ रोधकांना लहान आतड्याच्या खऱ्या लाइन्सही चांगला प्रतिसाद देतात, हे गोथेनबर्गच्याच तपासणीत दिसलं होतं. म्हणजे औषध कुचकामी आहे असं यातून ठरत नाही. पण मधली पायरी चुकली असेल, तर उत्तर जुळलं म्हणून परीक्षक पूर्ण गुण देत नाही. आणि इथे पेपर रुग्णाच्या शरीरावर सोडवायचा असतो.

बरं, ज्या चार खऱ्या त्या तरी रुग्णासारख्या आहेत का? अर्ध्यामुर्ध्या. बॉन-१ आणि क्यूजीपी-१ भराभर वाढतात, आणि दोघींत ‘टीपी-५३’ हे पहारेकरी जनुक बिघडलेलं आहे. रुग्णांच्या संथ नेटमध्ये हा बिघाड क्वचित दिसतो. दुसरी बाब उपचारांशी थेट जोडलेली. बहुतेक संथ नेट पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर भरपूर असतात. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन त्यांनाच धरतं. त्याच कुलपाला बसणाऱ्या किल्लीला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडला की किरणं थेट गाठीत पोचतात. हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार दिला जातो. आता हा उपचार सुधारायचा तर रिसेप्टर असलेल्या पेशी हव्यात. बॉन-१ आणि क्यूजीपी-१ वर ते जेमतेम. गॉट-१ वर मात्र चांगले. म्हणून ती उंदरांत वाढवून त्यांच्यावर ल्युटेशियमचे प्रयोग झाले. संथ, कंटाळवाणी, पण कामाची पोरगी!

नवे प्रयत्न चालू आहेत. हॅम्बुर्गमध्ये स्वादुपिंडाच्या संथ नेटपासून एनटी-३ ही लाइन तयार झाली, तिच्यावर रिसेप्टर टिकून आहेत. दुसरी वाट ऑर्गनॉइडची: पेशी सपाट बशीत न वाढवता जेलीसारख्या पदार्थात त्रिमितीत वाढवायच्या. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये उंदराच्या आतड्याच्या मूलपेशींपासून असं छोटं आतडं वाढवलं गेलं. २०२० मध्ये जपानी गटाने न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या ऑर्गनॉइडचा संग्रह प्रसिद्ध केला. पण त्यातही बहुतांश आक्रमक प्रकार. संथ गाठ तिथेही हट्टीच राहिली आहे.

एक चिठ्ठी आली आहे: “रुग्णाने यात काय करावं?” दोन गोष्टी सांगतो. शस्त्रक्रियेआधी संशोधनासाठी ऊतक देण्याचं संमतिपत्र पुढे आलं, तर ते वाचा, शंका विचारा, पटलं तर सही करा. निदानाला लागणारा भाग आधी बाजूला काढतात, उरलेलाच संशोधनाला जातो, त्यामुळे तुमच्या रिपोर्टला धोका नसतो. आणि दुसरं, ‘अमुक पदार्थाने बशीतल्या कर्कपेशी मेल्या’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली, तर आधी विचारा, पेशी कोणत्या होत्या?

पुढची चिठ्ठी घेऊ या.