हिंगणघाटचा कापूस आणि वीस ओळींचा प्रोग्रॅम

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापूस काय भावाने गेला, हे नागपुरात वा पुण्यात बसूनही संकेतस्थळावर पाहता येते. पण रोज पाहायचे आणि सोबत आर्वी, पुलगावचे दरही टिपायचे, तर ते काम संगणकाकडे सोपवलेले बरे. पायथन या संगणकभाषेतील वीसेक ओळी त्यासाठी पुरतात.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर अ‍ॅगमार्कनेटकडे आलेले बाजारभाव एपीआयद्वारे मिळतात. एपीआय म्हणजे प्रोग्रॅमसाठी उघडलेली खिडकीच. ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. नोंदणी केल्यावर मिळणारी किल्ली अर्जासोबत जोडावी लागते. ती परवलीच्या शब्दाइतकीच जपावी. प्रोग्रॅम मित्राला देताना आधी काढून घ्यावी.

अर्ज म्हणजे एक लांबलचक पत्ता. त्यात किल्ली, किती नोंदी हव्यात तो आकडा, 'जेसन' हा उत्तराचा प्रकार आणि राज्य, जिल्हा, शेतमाल यांची गाळणी असते. नावे संकेतस्थळावर इंग्रजीत जशी लिहिली आहेत तशीच द्यावीत. पायथनची 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी हा पत्ता स्वतःच जुळवते. उत्तराचा संकेतांक २०० आला की अर्ज स्वीकारला गेला असे समजावे. मग प्रत्येक नोंदीतून बाजार, तारीख आणि क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर वेगळा काढायचा.

खरी मेख पुढे आहे. बाजार बंद असला किंवा नोंद पोहोचली नसली, तर संकेतांक २०० येतो, पण यादी रिकामी असते. नवशिका तेथे शून्य लिहितो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्याच्याशी हे शून्य ताडून पाहिले, तर सुटीच्या दिवशीही भाव कोसळल्याची हाकाटी होईल. म्हणून रिकाम्या यादीसाठी 'नोंद नाही' असेच छापावे आणि प्रत्येक दरापुढे तारीख ठेवावी.

एवढे करूनही दर हमीभावाखाली का गेला, हे प्रोग्रॅम सांगणार नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा ८ ते १२ टक्के असते. ओलाव्याचा रकानाच या नोंदींत नाही.